गिझर बदलायचा की दुरुस्त करायचा? उत्तर देणारा माणूस 1889 मध्येच गेला: जेम्स ज्यूल यांची गोष्ट

डिसेंबरात जासईच्या आमच्या आत्याकडे गिझर बंद पडला. मेकॅनिक आला, खालचं झाकण उघडलं, आत टॉर्च मारला आणि निकाल देऊन टाकला: गिझर दहा वर्षं जुना आहे, बदलून टाका. नवीन फाइव्ह स्टार घेतला तर बिलही निम्मं येईल. गिझर, पाइप आणि बसवायची मजुरी धरून त्याने साधारण 9,000 रुपये सांगितले.

आत्याने फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि खाली विचारलं की एवढे पैसे खरंच घालायचे का. जासई हे दि. बा. पाटलांचं गाव. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा योग्य मोबदल्यासाठी 1984 मध्ये याच भागात मोठं आंदोलन झालं, गोळीबारात पाच जणांचा जीव गेला आणि पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. हिशेब विचारल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत, ही सवय इथल्या घराघरांत आहे.

मित्रांनो, आत्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला एका इंग्रज माणसाची आठवण झाली. त्याचं नाव तुम्ही नववी-दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात एककाखाली वाचलंय आणि परीक्षा झाल्यावर विसरलात. गिझरच्या आत जे काही घडतं ते या माणसाने सगळ्यात आधी नीट मोजलं. आणि त्याची सुरुवातही अशाच प्रश्नाने झाली होती: जुनं यंत्र काढून नवीन बसवलं तर परवडेल का?

बिअरच्या कारखान्यातला मुलगा

जेम्स प्रेस्कॉट ज्यूलचा जन्म 24 डिसेंबर 1818 चा. गाव सॅलफर्ड, इंग्लंडमधल्या मँचेस्टरला अगदी चिकटून. वडिलांचा बिअर बनवायचा मोठा कारखाना होता, म्हणजे घरात पैसा भरपूर. पण जेम्सची तब्येत नाजूक, पाठीच्या कण्याचा त्रास. त्यामुळे शाळेऐवजी शिक्षक घरी यायचे.

1834 मध्ये वडिलांनी जेम्सला आणि त्याच्या मोठ्या भावाला जॉन डाल्टन यांच्याकडे शिकायला पाठवलं. हो, तेच अणुसिद्धांतवाले डाल्टन. 1837 मध्ये डाल्टन यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शिकवणी संपली. पण मोजल्याशिवाय काही बोलायचं नाही, ही सवय जेम्सला तिथेच लागली. कॉलेजची डिग्री त्याने कधीच घेतली नाही.

त्या काळात वीज म्हणजे नवीन खेळणं होतं. आज आपण नवीन फोन हातात आला की सगळी सेटिंग्ज उघडून बघतो, तसं जेम्स आणि त्याचा भाऊ बॅटऱ्या घेऊन प्रयोग करायचे. घरातल्या नोकरांना आणि मित्रांना विजेचे झटके देऊन बघायचे, असंही सांगतात. हे घरी करू नका, सांगायला नकोच.

पहिला हिशेब: कोळसा की जस्त?

मोठा झाल्यावर जेम्स कारखान्याच्या कामात लागला. कारखान्यात वाफेची इंजिनं होती. ती कोळसा खायची. विशीतल्या ज्यूल यांच्या डोक्यात आलं की इंजिनाच्या जागी विजेची मोटर बसवली तर? तेव्हा विजेच्या मोटरबद्दल युरोपात जबरदस्त हवा होती. फुकटात अमाप ताकद मिळणार, असं बऱ्याच जणांना वाटत होतं. ज्यूलही त्यातलेच. 1838 मध्ये त्यांनी आपल्या मोटरवर लेखही छापला.

पण ते व्यापाऱ्याच्या घरातले. हवा कितीही असली तरी शेवटी खर्च काढायचाच. तेव्हा वीज यायची बॅटरीतून आणि बॅटरीत जस्त खर्च व्हायचं. म्हणून त्यांनी साधी तुलना केली. एक पौंड कोळशातून वाफेचं चांगलं इंजिन किती वजन उचलतं? आणि एक पौंड जस्तातून आपली मोटर किती उचलते?

1841 पर्यंत उत्तर मिळालं. कोळसा जवळपास पाचपट काम करत होता. शिवाय जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग. म्हणजे मोटर बसवली असती तर कारखाना बुडाला असता. तीन-चार वर्षांची मेहनत, स्वतःचे पैसे आणि सगळं स्वप्न या एका आकड्यापुढे संपलं.

इथे बहुतेक जण विषय सोडून देतात. ज्यूल यांनी प्रश्न उलटा केला. बॅटरीतली सगळी ताकद मोटरमध्ये येत नाही, मग उरलेली जाते कुठे? तार हाताला गरम लागत होती. उत्तर तिथेच होतं.

तारेतली उष्णता आणि तुमचा चार्जर

त्यांनी तारेचं वेटोळं पाण्याच्या भांड्यात बुडवलं, त्यातून करंट सोडला आणि पाणी किती तापतं ते थर्मामीटरने मोजलं. थोडक्यात काय, जगातला पहिला नीट मोजलेला इमर्शन रॉड!

त्यातून नियम निघाला. करंट दुप्पट केला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट केला तर नऊपट. आणि तारेचा रोध जितका जास्त, तितकी उष्णता जास्त. डिसेंबर 1840 मध्ये हा निबंध त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवला. सोसायटीने त्याचा फक्त छोटा सारांश छापला. पूर्ण निबंध पुढच्या वर्षी दुसऱ्या नियतकालिकात आला.

आज हा नियम तुमच्या खिशात आहे. फास्ट चार्जिंगमध्ये केबल गरम होते ती यामुळेच. म्हणून बरेच फास्ट चार्जर करंट वाढवण्याऐवजी 5 व्होल्टचे 9 व्होल्ट करतात. करंट कमी, तर तारेतली उष्णता खूपच कमी.

आणि गिझरचं काय? 2,000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर साधारण 8.7 अँपिअर करंट ओढतो. तो 6 अँपिअरच्या छोट्या सॉकेटला लावला, किंवा प्लग ढिला असला, तर उष्णता पाण्यात कमी आणि भिंतीत जास्त. प्लग वितळतो तो असाच. म्हणून नवीन गिझरचा खर्च काढताना 16 अँपिअरचं सॉकेट, जाड वायर, नीट अर्थिंग आणि शॉकपासून वाचवणारा आरसीसीबी हेही धरा. दुकानातल्या किमतीच्या पाटीवर हे नसतं.

कोणी ऐकेना

आता ज्यूल यांना मोठा प्रश्न पडला. तेव्हाच्या बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटायचं की उष्णता म्हणजे एक प्रकारचा न दिसणारा द्रव, तो एका वस्तूतून दुसरीत वाहतो, पण नव्याने तयार होत नाही. ज्यूल यांचे आकडे वेगळंच सांगत होते. हाताने जनित्र फिरवलं तरी तार तापत होती. म्हणजे मेहनतीची उष्णता होत होती, आणि दर वेळी ठरलेल्या भावाने.

1843 मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात त्यांनी हे शास्त्रज्ञांच्या सभेत मांडलं. सभा गप्प. 1844 मध्ये रॉयल सोसायटीने त्यांचा आणखी एक निबंध नाकारला. कारण समजण्यासारखं होतं. हा माणूस प्राध्यापक नाही, बिअरवाला. आणि दावा काय, तर अंशाच्या शंभराव्या-दोनशेव्या भागाएवढे फरक मोजल्याचा. कोण विश्वास ठेवणार?

पण बिअर बनवणं म्हणजेच तापमानाचा धंदा. एक-दोन अंश चुकले की अख्खा माल वाया. थर्मामीटर वाचायची जी सवय कारखान्यात लागते, ती विद्यापीठात मिळत नव्हती. शिवाय मँचेस्टरचे उपकरणं बनवणारे जॉन डान्सर यांच्याकडून त्यांनी अतिशय बारीक मोजणारे थर्मामीटर करून घेतले. ज्या धंद्यामुळे त्यांना कमी लेखलं गेलं, तोच त्यांच्या कामाला आला.

मग त्यांनी गाजलेला प्रयोग केला. पाण्याच्या बंद भांड्यात पितळेची पाती. पात्यांना दोरी, दोरीला दोन्ही बाजूंना वजनं. वजनं खाली आली की पाती फिरतात, पाणी घुसळलं जातं. आपल्याकडे रवी दोरीने फिरवतात, साधारण तसंच. वीस वेळा वजनं वर नेऊन खाली सोडली की पाणी जेमतेम अर्धा अंश फॅरनहाइट तापायचं. अंगाच्या उष्णतेनेही गडबड होईल म्हणून हे सगळं थंड तळघरात, आणि पुन्हा पुन्हा.

जून 1847 मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत अध्यक्षांनी त्यांना थोडक्यात आवरायला सांगितलं. विषय तिथेच संपला असता. पण श्रोत्यांत 23 वर्षांचा एक प्राध्यापक बसला होता, विल्यम थॉमसन. तेच पुढे लॉर्ड केल्विन झाले. त्यांना ज्यूल यांचं म्हणणं पटलं नव्हतं, पण खोडताही येत नव्हतं. ते प्रश्न विचारू लागले आणि सभेचं लक्ष गेलं. एका चांगल्या प्रश्नाने काय होतं बघा!

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ज्यूल यांचं अमेलिया ग्राइम्स यांच्याशी लग्न झालं. आल्प्समध्ये हनिमूनला गेले असताना थॉमसन यांना ते वाटेत भेटले. धबधब्याच्या वर आणि खाली पाण्याच्या तापमानात फरक पडतो का, हे मोजायचा त्यांचा बेत होता, असं सांगतात. ज्यूल यांच्या हातात म्हणे लांबलचक थर्मामीटर होता. किस्सा थोडा रंगवलेला असेल, पण माणूस तसाच होता.

एक आकडा

1850 मध्ये रॉयल सोसायटीनेच ज्यूल यांचा मोठा निबंध छापला आणि त्यांना सदस्यही करून घेतलं. त्यात आकडा होता 772. म्हणजे एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइट तापवायला लागणारी मेहनत आणि एक पौंड वजन 772 फूट वर उचलायला लागणारी मेहनत सारखीच. आजच्या यंत्रांनी हा आकडा 778 च्या आसपास येतो. तळघरात, दोरी आणि वजनं वापरून, एक टक्क्याहूनही कमी चूक!

आपल्या भाषेत सांगायचं तर एक लिटर पाणी 1 अंश सेल्सिअस तापवणं म्हणजे तेच पाणी साधारण 427 मीटर वर उचलणं. पनवेलजवळचा कर्नाळा किल्ला समुद्रसपाटीपासून साधारण तेवढाच उंच आहे. आता 15 लिटरचा गिझर घ्या. पाणी 25 अंशांवरून 60 पर्यंत न्यायचं, म्हणजे 35 अंश. तेवढी मेहनत म्हणजे 15 लिटर पाणी जवळपास 15 किलोमीटर उंच नेणं. एव्हरेस्टपेक्षाही कितीतरी वर! सकाळच्या एका अंघोळीमागे एवढं काम असतं.

आता आत्याचा हिशेब

बिलावरचं एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. 15 लिटर पाणी 35 अंश तापवायला साधारण 22 लाख ज्यूल लागतात, म्हणजे 0.61 युनिट. युनिट 10 रुपये धरलं तर सुमारे सहा रुपये. दिवसाला दोनदा टाकी तापली तर बारा, महिन्याला 360 रुपये.

मुद्दा असा, की गिझर जुना असो वा नवीन, हे 0.61 युनिट लागणारच. एलिमेंट पाण्यात बुडालेलं असतं, त्यामुळे त्यात गेलेली जवळपास सगळी वीज पाण्यातच उतरते. कमी विजेत तेवढंच पाणी तापवणारं एलिमेंट कोणी बनवू शकत नाही. ज्यूल यांचा आकडा कंपनी बघून बदलत नाही. एलिमेंटवर क्षार जमले तरी उष्णता पाण्यातच जाते. फक्त एलिमेंट आतून जास्त तापतं आणि लवकर जळतं.

मग स्टार कशाचे? तापलेलं पाणी तसंच ठेवलं तर टाकीतून किती उष्णता बाहेर जाते, त्याचे. लेबलवर ती 24 तासांच्या हिशेबाने लिहिलेली असते. समजा जुना गिझर दिवसभर चालू ठेवला तर 1 युनिट वाया जातं आणि नवीन अर्धं घालवतो. 24 तास चालू ठेवणाऱ्या घरात महिन्याला 15 युनिट, म्हणजे 150 रुपये वाचले. तिथे नवीन गिझर घेण्यात अर्थ आहे. पण आत्याकडे बटण अंघोळीआधी वीस मिनिटं चालू होतं आणि लगेच बंद. बचत महिन्याला पाच रुपये धरली तरी 9,000 रुपये फिटायला 150 वर्षं लागतील!

मग कधी बदलायचा? आतली टाकी गंजून गळत असेल तर बदलाच, तिला दुरुस्ती नाही. बाहेरचं अंग गंजलं असेल आणि दुरुस्तीनंतरही शॉक लागत असेल तरी बदला. पण एलिमेंट किंवा थर्मोस्टॅट गेला असेल तर फक्त तो भाग बदलतो. सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडले म्हणजे टाकी फुटली असं नाही, पाणी तापून फुगलं की तो दाब सोडतो. आणि बोअरचं पाणी असेल तर आतला मॅग्नेशियमचा रॉड मधूनमधून तपासून घ्या. टाकीऐवजी तो स्वतः झिजतो, म्हणून टाकी टिकते.

गॅस गिझर? इथे ज्यूल यांचाच कोळसा-जस्ताचा हिशेब पुन्हा करा. 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे 180 युनिटांएवढी उष्णता असते. त्यातली 80 टक्के पाण्यात गेली तर 145 युनिट. सिलिंडर 900 रुपयांचा धरला तर युनिटला सव्वासहा रुपये. विजेपेक्षा स्वस्त आहेच. पण बंद बाथरूममध्ये गॅस गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि माणसं मरतात. तो बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत बसवता येत असेल तरच विचार करा. हा खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही.

शेवटची वर्षं

1852 पासून ज्यूल आणि थॉमसन यांनी मिळून वायूंवर प्रयोग केले. दाबातला वायू बारीक छिद्रातून सुटला की बहुधा थंड होतो, हा त्यांचा शोध. वायू द्रवरूप करायचं तंत्र पुढे त्यावर उभं राहिलं. थॉमसन यांनी 1852 मध्येच सुचवलं होतं की उष्णता तयार करण्याऐवजी बाहेरून उचलून आत आणता येईल. आज हीट पंप गिझर तेच करतो. हवेतली उष्णता पाण्यात ढकलतो, म्हणून एका युनिटात तीनेक युनिटांएवढं पाणी तापतं. ज्यूल यांचा आकडा न मोडता बिल कमी करायचा हाच खरा रस्ता. पण किंमत साध्या गिझरच्या कितीतरी पट, म्हणून भरपूर गरम पाणी लागणाऱ्या ठिकाणीच तो परवडतो.

काम जगाने मान्य केलं, पण घर मोडलं. 1854 मध्ये अमेलिया गेल्या. दोन लहान मुलं मागे राहिली. त्याच सुमारास घरचा कारखानाही विकला गेला. ज्यूल यांनी पुन्हा लग्न केलं नाही. आयुष्यभर ते कुठेही प्राध्यापक झाले नाहीत. प्रयोगांना पैसा लागत गेला, साठवलेलं कमी होत गेलं. 1870 मध्ये रॉयल सोसायटीने आपलं सर्वोच्च कोपली पदक त्यांना दिलं. 1878 मध्ये सरकारने वर्षाला 200 पौंडांचं निवृत्तिवेतन दिलं. त्याच वर्षी त्यांनी तोच जुना प्रयोग पुन्हा करून आकडा आणखी बारीक केला: 772.55.

11 ऑक्टोबर 1889 रोजी मँचेस्टरजवळच्या सेल गावी ते वारले. त्यांच्या थडग्यावर 772.55 हा आकडा कोरलेला आहे. त्याच वर्षी पॅरिसच्या विद्युत परिषदेने ऊर्जेच्या एककाला ज्यूल हे नाव दिलं.

विजेच्या मोटरचं त्यांचं स्वप्नही पुढे खरं झालं, आणि तेही आपल्या रायगडात. जस्ताऐवजी घाटावरच्या पाण्यातून वीज आली. 1915 मध्ये टाटांचं खोपोलीचं केंद्र सुरू झालं आणि मुंबईच्या कापड गिरण्यांत वाफेच्या जागी वीज आली. कल्पना चुकीची नव्हती, फक्त 1841 चा भाव परवडणारा नव्हता.

आत्याने दुसरा मेकॅनिक बोलावला. एलिमेंट जळलं होतं, थर्मोस्टॅटही गेला होता, टाकी मात्र ठणठणीत होती. दोन्ही भाग आणि मजुरी मिळून 1,400 रुपये झाले. उरलेल्या पैशांतून तिने आधी बाथरूमचं ढिलं सॉकेट बदलून घेतलं, आणि मग बिल काढून मला विचारलं की या युनिटाच्या रकान्यात ज्यूल नेमका कुठे आहे. प्रत्येक युनिटात 36 लाख वेळा, मी कळवलं.